सूक्ष्मजंतुजन्य रोग, कपाशी व तुरीवरील

वनस्पतीवर रोग करणारा सूक्ष्मजंतू निश्चित करण्यासाठी तो रोगट भागातून अलग करून त्याचे शुद्ध संवर्धन करतात व निरोगी झाडाला टोचतात. तोच रोग उद्‌भवला आणि तोच जंतू पुन्हा मिळाला, तर ओळख पटली असे मानतात. रोबेर्ट कॉख यांची ही कसोटी सर्वत्र पुरी पडत नाही. ब्रिटनमधील ओक वृक्षांच्या ऱ्हासात गिब्सिएला क्वेर्सिनेकान्स (२०१०) व ब्रेनेरिया गुडविनाय (२०१२) या नव्या जाती वर्णिल्या गेल्या. तथापि तेथे अनेक जंतू व एक भुंगेरा यांचा एकत्रित संबंध आढळतो.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत कपाशीत तुरीचे आंतरपीक घेतात. दोन्ही पिकांवर पावसाळी हवेत झँथोमोनास प्रजातीचे जंतू रोग करतात. कपाशीच्या पानांवर शिरांनी मर्यादित झालेले कोनाकार, पाणीदार ठिपके पडून पुढे काळे होतात. फांद्या व बोंडेही काळवंडतात. हा जंतू बियांतून पसरतो. त्याचे वर्णन ई. एफ. स्मिथ यांनी १९०१ मध्ये केले. तुरीच्या पानांवर पिवळ्या वलयाचे ठिपके व खोडावर व्रण पडतात. व्रणाच्या जागी खोड मोडते. हा जंतू नवी जाती म्हणून वाय. एस. कुलकर्णी, एम. के. पटेल व एस. जी. अभ्यंकर यांनी १९५० मध्ये वर्णिला. पुण्याच्या कृषि महाविद्यालयातील पटेल व त्यांचे सहकारी यांनी आंबा (१९४८), चिंच (१९५१) इ. झाडांवरील जंतूही प्रथम वर्णिले. भारतातील वनस्पति-सूक्ष्मजंतुशास्त्राचा पाया मुख्यतः याच कामाने घातला.

त्या काळी आश्रयी वनस्पती वेगळी, की जंतूची जाती वेगळी, असा प्रघात होता. प्रयोगशाळेतील परीक्षांत मात्र हे जंतू वेगळे काढता येईनात. म्हणून १९८० च्या सुमारास अशा शंभराहून अधिक ‘जाती’ झँथोमोनास कँपेस्ट्रिस या एका जातीत घालून त्यांना केवळ रोगप्ररूप मानण्यात आले. नावे एक झाली, तरी तुरीचा जंतू कपाशीवर रोग करतो असा त्याचा अर्थ नव्हता. आंतरपीक घेणाऱ्याच्या दृष्टीने जातीच्या नावापेक्षा रोगप्ररूपाचे नाव अधिक उपयोगाचे होते. डीएनएच्या तुलनेवरून १९९५ मध्ये दोन्ही जंतू झँ. ॲक्सोनोपोडिस या जातीत गेले. कपाशीचा जंतू पुढे झँ. सिट्री या जातीत घालण्यात आला.

नांदेड भागातील गावराणी हा देशी कापूस या रोगास बराच प्रतिकारक असून अमेरिकन जातीचा कापूस त्यास सहज बळी पडतो. देशी कापसाची जागा अमेरिकन वाण व संकर यांनी घेतल्यावर रोगास अनुकूल आश्रयी वनस्पती मोठ्या क्षेत्रावर मिळाली.