म्हादेई

श्रोतेहो, समुद्रापासून इतक्या दूर नागपुरांत बसून नौकांचा इतिहास म्हटला, कीं आपण आंग्र्यांच्या आरमारापाशींच थांबतों. माझ्या मतें तो पुढेंहि चालला आहे. गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनीं 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली. २००९ सालीं ती नौदलांत आली. आराखडा डच, लांबी ५६ फूट. आंत लाकडी पट्ट्या, वर फायबरग्लासचें कवच: हलकेपणा लाकडाचा, पाण्यापासून रक्षण कवचाचें. परंतु नौकेचा लौकिक बंदरांत ठरत नसतो. २००९-१० मध्यें दिलीप दोंदे तिच्यांतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, वाटेंत चार ठिकाणीं थांबून. असें करणारे ते पहिले भारतीय. २०१३ मध्यें अभिलाष टॉमींनीं तीच प्रदक्षिणा कोठेंहि न थांबतां पुरी केली. दांडेकरांनीं मग त्याच आराखड्यावर 'तारिणी' घडविली. तींतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ सालीं जग फिरून आल्या.