शनिवारचा खेळांचा पेटारा

वर्गात एक साधा प्रयोग करून पाहावा. मुलांना दोन याद्या करायला सांगाव्यात. पहिल्या यादीत स्वतः खेळलेले खेळ लिहायचे. दुसरीत कधीही न खेळलेले, पण कसे खेळतात हे ठाऊक असलेले खेळ लिहायचे. हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकड्यासारख्या गावातही दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब होईल, अशी आमची अटकळ आहे. कळमनुरी तालुक्यात बर्फ पडत नाही; तरी बर्फाच्या उतारावरून घसरत येऊन हवेत झेपावणारा खेळाडू येथल्या मुलांनी पाहिलेला असतो.

ही दुसरी यादी आली कोठून? 'दूरचित्रवाणीवरून' हे उत्तर बरोबर आहे, पण पुरेसे नाही. जगभरचे खेळ गोळा करून, एका पेटाऱ्यात भरून, दर आठवड्याला घरोघर दाखवायचे, ही कल्पना कोणाला तरी सुचावी लागली. ती प्रत्यक्षात आणणारी यंत्रे तयार व्हावी लागली. तो इतिहास मनोरंजक तर आहेच. शिवाय 'पाहणे' म्हणजे काय याचा विचार करायला लावणाराही आहे.

वीस आठवड्यांचा प्रयोग

१९६० च्या सुमारास अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या तीन मोठ्या कंपन्या होत्या. त्यांतील एबीसी ही सर्वांत दुबळी. लोकप्रिय खेळांच्या मोठ्या सामन्यांचे हक्क बहुतेक इतरांच्या हाती होते. तेव्हा ज्यांच्याकडे कोणी फारसे पाहत नाही असे खेळ दाखवावेत, असे एडगर शेरिक आणि त्यांचे तरुण सहकारी रून आर्लेज यांनी ठरवले. शनिवार, २९ एप्रिल १९६१ रोजी 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स' या कार्यक्रमाचा पहिला भाग प्रसारित झाला. फिलाडेल्फिया आणि डे मॉइन या दोन शहरांतील धावण्याच्या स्पर्धा त्यात होत्या. सूत्रधार होते जिम मॅके. उन्हाळ्याचे वीस आठवडे भरून काढण्यापुरता हा प्रयोग होता. तो चालला मात्र जवळजवळ ३७ वर्षे. ३ जानेवारी १९९८ रोजी मॅके यांनीच त्याच्या समाप्तीची घोषणा केली.

पहिल्याच वर्षी जुलै महिन्यात कार्यक्रमाची मंडळी मॉस्कोला पोहोचली. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील शीतयुद्ध तेव्हा ऐन भरात होते. दोन देशांच्या मैदानी सामन्यात व्हालेरी ब्रुमेल या सोव्हिएत तरुणाने २.२४ मीटर उंच उडी मारून जागतिक विक्रम केला. ज्या देशाची धास्ती घ्यायला अमेरिकेतील मुलांना शिकवले जात होते, त्या देशातला एक हसरा, दमलेला, आनंदलेला मुलगा त्यांना घरबसल्या दिसला.

पुढे पेटाऱ्यात काय नव्हते? विम्बल्डनचे टेनिस, जिम्नॅस्टिक्स, बर्फावरील नृत्य, मेक्सिकोतल्या कड्यावरून समुद्रात सूर, पंजा लढवणे, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यावर तोल सांभाळणे. न कळणारा खेळ लोक का पाहतील? यावर आर्लेज यांनी तोडगा काढला होता. खेळाआधी खेळाडूची ओळख करून द्यायची. तो राहतो कोठे, भितो कशाला, हरला तर त्याचे काय जाणार, हे कळले की नियम माहीत नसले तरी प्रेक्षक खिळून बसतो. शिक्षकांना ही युक्ती नवी वाटणार नाही. नवा धडा सुरू करताना आपणही तेच करतो.

फितीची करामत

हा कार्यक्रम दहा वर्षे आधी निघू शकला नसता. तोवर दोनच मार्ग होते : सामना चालू असतानाच दाखवायचा, नाहीतर सिनेमाच्या फिल्मवर टिपून, ती धुऊन, मग दाखवायचा. १९५६ मध्ये अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने चित्र चुंबकीय फितीवर मुद्रित करणारे यंत्र आणले.

त्यात अडचण अशी होती. आवाजातील कंपने सेकंदाला जास्तीत जास्त वीस हजारांच्या आसपास असतात. चित्राच्या संदेशातील कंपने मात्र लाखांत मोजावी लागतात. म्हणजे चित्र टिपायचे तर फीत आवाजाच्या शेकडो पट वेगाने पळवायला हवी. तेवढी फीत आणायची कोठून? अँपेक्सच्या तंत्रज्ञांनी फीत पळवण्याऐवजी मुद्रण करणारे शीर्षच फिरवले. सुमारे ५ सेंटिमीटर रुंदीची फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर एवढ्या बेताच्या वेगाने सरके, आणि चार शीर्षे बसवलेली चकती तिच्यावर आडवी गरगर फिरे. त्यामुळे शीर्ष आणि फीत यांच्यातील प्रत्यक्ष वेग सेकंदाला जवळजवळ ४० मीटर होई. तरीही एका तासाला सुमारे १,३७० मीटर फीत लागे. हा गुणाकार मुलांकडून करून घेण्याजोगा आहे.

फितीमुळे वेळेचे बंधन सुटले. दोन दिवसांची स्पर्धा दीड तासात बसवता येऊ लागली. मॉस्कोतील फीत विमानाने न्यूयॉर्कला आणून शनिवारी दाखवता येऊ लागली. १९६५ मध्ये 'अर्ली बर्ड' हा दळणवळण उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर स्थिर झाला आणि युरोपातील खेळ त्याच क्षणी अमेरिकेत दिसण्याची सोय झाली. 'त्याच क्षणी' हे अर्थात थोडे सैल बोलणे झाले. वर जाऊन खाली येण्यात प्रकाशाच्या वेगानेही पाव सेकंद जातोच.

पुन्हा पाहण्याची कला

७ डिसेंबर १९६३ रोजी सीबीएस या प्रतिस्पर्धी कंपनीचे दिग्दर्शक टोनी व्हर्ना यांनी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात नुकताच झालेला गुण लगेच पुन्हा दाखवला. तेव्हा निवेदकाला बजावून सांगावे लागले, की हे थेट चित्र नाही. संघाने पुन्हा गुण मिळवलेला नाही! घडलेली गोष्ट पुन्हा दिसू शकते, ही कल्पनाच प्रेक्षकांना नवी होती. १९६७ मध्ये तीस सेकंदांचे चित्रण साठवणारी चुंबकीय तबकडी आली. तिच्यावरील चित्र संथ गतीने दाखवता येई, हवे तेथे थांबवताही येई.

या धाग्याचे एक टोक आपल्या महाराष्ट्राशी येऊन मिळते. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी डर्बन येथे भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातील कसोटी सामन्यात १९ वर्षांचा सचिन तेंडुलकर ११ धावांवर खेळत होता. धाव घेण्यासाठी तो पुढे गेला आणि परतला. जाँटी ऱ्होड्सने चेंडू फेकला, अँड्र्यू हडसनने यष्टी उडवली. मैदानावरील पंचांनी निर्णय दिला नाही. तो पडद्यासमोर बसलेल्या तिसऱ्या पंचाकडे, कार्ल लीबेनबर्ग यांच्याकडे, सोपवला. चित्रण पाहून बाद ठरवला गेलेला जगातील पहिला फलंदाज म्हणून मुंबईच्या या मुलाची नोंद झाली.

यंत्राने दिलेला निर्णय अचूक असतो का? गणित करून पाहू. आपल्याकडील पद्धतीत सेकंदाला २५ चित्रचौकटी असत. धावणारा फलंदाज सेकंदाला ७ मीटर वेगाने येत असेल, तर एका चौकटीपासून दुसरीपर्यंत तो २८ सेंटिमीटर पुढे सरकतो. एका चौकटीत बॅट रेषेच्या बाहेर आणि यष्टी जागेवर. पुढच्या चौकटीत बॅट आत आणि यष्टी उडालेली. आधी काय घडले? पडदा सांगू शकत नाही. सेकंदाला ३०० चौकटी टिपणारा कॅमेरा आणला, तर हे अंतर सव्वादोन सेंटिमीटरांवर येते. ते कमी होते, शून्य होत नाही. प्रत्येक मोजमापाला त्रुटीची मर्यादा असते, हे नववी-दहावीच्या मुलांना समजावण्यासाठी याहून जवळचे उदाहरण आम्हांला सापडत नाही.

पडद्यावर राहिलेले, न राहिलेले

'वाइड वर्ल्ड'च्या सुरुवातीच्या दृश्यांत विजयाचा आनंद आणि पराभवाची वेदना यांचा उल्लेख होई. वेदनेच्या जागी अनेक वर्षे एकच दृश्य होते : घसरउतारावर तोल जाऊन गडगडत बाजूला फेकला गेलेला एक खेळाडू. तो होता युगोस्लाव्हियातील स्लोव्हेनियाचा विंको बोगाताय. पश्चिम जर्मनीतील ओबेर्स्टडॉर्फ येथे १९७० मध्ये तो पडला. इतके भयंकर पडूनही दुखापत किरकोळ झाली. नंतर तो पुन्हा उड्या मारू लागला. आपण अमेरिकेत दर शनिवारी पडत असतो, याची त्याला कल्पनाच नव्हती. १९८१ मध्ये कार्यक्रमाच्या विसाव्या वर्षाच्या समारंभाला त्याला बोलावले, तेव्हा सर्वांत मोठा टाळ्यांचा कडकडाट त्यालाच मिळाला आणि मुहम्मद अली यांनी त्याची स्वाक्षरी मागितली. काही सेकंदांत एका माणसाचे सारे आयुष्य गोठवून ठेवण्याची ताकद त्या फितीत होती.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. १८ जून १९८३ रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथे विश्वचषकाच्या सामन्यात झिंबाब्वेविरुद्ध भारताचे पाच गडी १७ धावांत बाद झाले होते. तेथून कपिल देव यांनी नाबाद १७५ धावा काढल्या आणि भारताने सामना ३१ धावांनी जिंकला. त्या सामन्याचे दूरचित्रवाणीसाठी चित्रण झालेच नाही. ती खेळी आज आपल्याला धावफलकातून, वर्तमानपत्रांतून आणि पाहणाऱ्यांच्या आठवणींतूनच कळते. चित्र नाही म्हणून घटना घडली नाही, असे होत नाही. इतिहासाच्या शिक्षकांना साधनांविषयी बोलताना ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवता येतील.

आपला पेटारा

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दूरचित्रवाणीचे कॅमेरे प्रथमच स्पर्धेच्या मैदानावर आले. अवघ्या १८० रेषांचे ते अंधूक चित्र बर्लिनच्या लोकांनी सार्वजनिक दालनांत बसून पाहिले. त्याच ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. आपले खेळ आणि दूरचित्रवाणी एका शहरात एकत्र आले, पण त्यांची खरी गाठ पडायला पुढे अनेक दशके जावी लागली.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वर्षी रंगीत चित्र आले. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१ब अवकाशात गेला आणि १९८४ पासून देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. अशा केंद्राचा पल्ला साधारण २०-२५ किलोमीटर. त्यापलीकडच्या गावांत उंच बांबूला अँटेना बांधायचा, बूस्टर जोडायचा, एकाने छपरावर चढून तो फिरवायचा आणि खालून दुसऱ्याने 'आल्या मुंग्या, अजून थोडा फिरव' असे ओरडायचे, हा त्या काळचा घरगुती विज्ञानप्रयोगच होता. लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे, हे त्या बांबूने कित्येकांना शिकवले.

दाखवण्याने खेळही बदलतो. फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईच्या 'आयर्नमन' शर्यतीत ज्युली मॉस ही तरुणी अंतिम रेषेजवळ कोसळली आणि रांगत रांगत रेषेपर्यंत गेली. 'वाइड वर्ल्ड'ने ते दाखवल्यावर ही आडबाजूची शर्यत जगभर माहीत झाली. आपल्याकडे कबड्डीचे तेच झाले. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी सुरू झाली. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा, आणि लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, असा नियम. खेळ वेगवान झाला, तो पडद्यात नीट बसला, आणि कबड्डीपटूंना नाव व पैसा मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताने पुरुष व महिला दोन्ही गटांत तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. पडद्यावर जागा मिळणे ही खेळाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

पेटारा का मिटला?

अमेरिकेत ७ सप्टेंबर १९७९ रोजी केवळ खेळांना वाहिलेली ईएसपीएन वाहिनी सुरू झाली. चोवीस तास खेळ मिळू लागल्यावर शनिवारची वाट कोण पाहणार? प्रत्येक खेळाचा प्रेक्षक आपापल्या वाहिनीवर गेला. आज तर फोनच आपली आवड ओळखतो आणि काल पाहिले त्याच जातीचे आज पुढे करतो. क्रिकेट पाहणाऱ्याला क्रिकेटच मिळते.

येथे काहीतरी हरवले, असे आम्हांला वाटते. पेटाऱ्यात आपला आवडता खेळ येईपर्यंत दुसऱ्यांचे खेळ पाहावे लागत, आणि तसे पाहता पाहताच कोणाला तरी उंच उडीचा छंद लागे. न मागितलेली गोष्ट समोर येणे हाही शिक्षणाचा एक भाग आहे. शाळेचे वेळापत्रक दुसरे काय करते?

तेव्हा सुरुवातीच्या दोन याद्यांकडे परत जाऊ. दुसऱ्या यादीतील एक खेळ निवडावा आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत तो मैदानावर आणावा. उंच उडीसाठी दोन बांबू आणि एक दोरी पुरते. खाली वाळू मात्र भरपूर हवी. त्याच दिवशी एखाद्या आजोबांना बोलावून, पहिल्या यादीतूनही गळून गेलेला एखादा खेळ मुलांना शिकवायला सांगावे. दोरी किती उंचावर होती आणि कोणी ओलांडली, याची नोंद वहीत ठेवावी. चित्रण नसले तरी चालेल.