लाटेला नाळ द्यावी

चंडीगडच्या सेक्टर ४३ मध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्या कोकणी माणसाला समुद्र भेटतो तो फक्त आठवणीत. १९५८ साली बांधलेल्या सुखना सरोवरावर वारा सुटला, अंगावर तुषार आले, की नावेतील मंडळी हसत दुसऱ्या बाजूस सरकतात. ते पाहून माझ्या मनात मात्र चर्र होते.

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. वारा पावसाळी, समुद्र खवळलेला. काशाच्या खडकाजवळ लाटांचे पाणी आत आले. भेदरलेले उतारू एका बाजूस धावले आणि बोट कलंडली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. जे वाचले, त्यांतील कित्येकांना रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांच्या होड्यांनी उचलले.

एवढी आगबोट उलटली, तेथे होड्या कशा तगल्या? उत्तर आकारात नाही, रीतीत आहे. अनुभवी तांडेल वजन तळाशी ठेवतो. लाट कुशीवर न घेता नाळेवर, किंचित तिरकी घेतो. पुढे होड्यांना यंत्रे बसली, तरी नियम तोच राहिला. वेग अती झाला तर नाळ आपटते व तुषारांचा मारा वाढतो. फार घटला तर सुकाणूला पाणी धरवत नाही.

तुषारांनी माणूस भिजतो, बुडत नाही. श्रोतेहो, बुडवते ती तुषार चुकवण्यासाठी केलेली धावपळ!