उंबरठ्यावरील विद्रूप मुख

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद येथे काय किंवा वऱ्हाडातील इतर गावी काय, तान्ह्या मुलास न्हाऊमाखू घातले की आई त्याच्या गालावर काजळाची तीट लावते. गोजिरे रूप जाणूनबुजून किंचित बिघडविण्याची ही रीत. ज्या घरी मुले जगत नसत तेथे तर नावच ओंगळ ठेवीत : दगडू, धोंडू, केरू. दोन-तीन पाळणे रिकामे झालेले जिने पाहिले, तिला पुढच्या लेकरासाठी सुंदर नावाचा मोह परवडत नसे. कुरूप हे येथे सौंदर्याचे वैरी नव्हे, राखणदार होय.

हाच राखणदार देवळाच्या दारीही बसलेला दिसतो. हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कित्येक देवळांच्या उंबरठ्यावर बटबटीत डोळ्यांचे, दात विचकलेले कीर्तिमुख कोरलेले असते. त्याची पुराणकथा मोठी विलक्षण आहे. जालंधराचा दूत राहू पार्वतीची मागणी घेऊन आला, तेव्हा शंकराच्या क्रोधातून एक भुकेला प्राणी निपजला. राहू शरण आला. मग भूक भागवावयाची कशाने? देवाच्या आज्ञेने त्याने स्वतःचेच अंग खाल्ले आणि केवळ मुख उरले. त्या मुखास दाराचा मान मिळाला, आणि नाव मिळाले ते कीर्तीचे!

इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन याने १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत हिंदी कलेस निसर्गाकडे पाठ फिरवून विक्राळ आकृती रेखाटणारी म्हणून दोष दिला. त्याने रूप पाहिले. त्या रूपाकडे सोपविलेले काम पाहिले नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्स हा आठ रसांपैकी एक आहे. जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव आणि महाकाल ही देवता.

तो महाकाल वेरूळच्या चौदाव्या लेण्यात, ‘रावणाची खाई’ म्हणतात तेथे, प्रत्यक्ष भेटतो. सातव्या शतकाच्या सुमाराचे हे काम. सप्तमातृका आपापली मुले घेऊन ओळीने बसल्या आहेत. अंगे भरलेली, मुद्रा शांत. आणि त्यांच्याच शेजारी काल आणि काली : फासळ्या मोजून घ्याव्यात, पोट पाठीस लागलेले. शिल्पकाराचा हात येथे अडखळला असे कोण म्हणेल? मातांची डौलदार अंगे त्याच लेण्यात घडली आहेत. मातृका मुलांना राखतात तशा नेतातही, ही समजूत महाभारताइतकी जुनी आहे, आणि खेड्यातील सटवाईच्या पूजेतही हेच भय वसते. लेकुरवाळ्या मातांच्या पंक्तीस मृत्यूचा सापळा बसविणाऱ्याने रिकामे पाळणे पाहिले असावेत.

देवीची लस आली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली आणि दगडू, केरू ही नावे बारशाच्या घरांतून हळूहळू मागे पडली. तीट मात्र अजून लावतात.