गॅस ब्लोबॅक एअरसॉफ्ट पिस्तूल

गॅस ब्लोबॅक एअरसॉफ्ट पिस्तूल ही द्रवरूप वायूच्या दाबावर चालणारी, ६ मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या गोळ्या झाडणारी खेळातील पिस्तुलाची प्रतिकृती होय. चाप ओढल्यावर वायूचा एक अंश गोळीला गती देतो आणि उरलेला अंश पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ढकलतो. या मागे सरकण्यालाच ब्लोबॅक म्हणतात. एकाच वायूकडून दोन कामे करून घेतली जात असल्यामुळे या पिस्तुलाची विश्वसनीयता वायूचा दाब, तापमान आणि रबरी सीलांची स्थिती यांवर अवलंबून असते. त्यातील बहुतेक बिघाड याच तीन कारणांशी निगडित असतात.

इतिहास

एअरसॉफ्ट हा प्रकार १९७० च्या दशकात जपानमध्ये उदयास आला. तेथे खासगी व्यक्तीला खरे पिस्तूल बाळगणे जवळजवळ अशक्य असल्याने प्रतिकृतींना मोठी मागणी होती. आरंभीच्या वायूवर चालणाऱ्या पिस्तुलांची स्लाइड स्थिर असे. १९९० च्या दशकात वेस्टर्न आर्म्स या जपानी कंपनीची ‘मॅग्ना’ पद्धत प्रसिद्ध झाली आणि स्लाइड जोमाने मागेपुढे होणारी पिस्तुले रूढ झाली. टोकियो मारुई, केएससी इत्यादी जपानी आणि डब्ल्यूई, केडब्ल्यूए इत्यादी तैवानी कंपन्या हे उत्पादन करतात. जपानमध्ये २००६ साली झालेल्या कायद्यातील दुरुस्तीनुसार ६ मिलिमीटर गोळीची ऊर्जा सुमारे ०.९८ ज्यूलपर्यंत मर्यादित करण्यात आली. ०.२० ग्रॅम वजनाच्या गोळीसाठी हा वेग सेकंदाला सुमारे ९९ मीटर इतका होतो.

रचना व कार्य

वायूची टाकी मॅगझिनमध्येच असते. तिच्या तळाशी वायू भरण्याची झडप आणि वरच्या बाजूला वायू सोडणारी झडप असते. चाप ओढताच घोडा सुटतो व त्याच्या आघाताने वरची झडप उघडते. वायू रबरी मार्गातून नॉझलमध्ये जातो व गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. त्यानंतर नॉझलमधील लहान तरंगती झडप पुढची वाट बंद करते आणि वायू मागील दट्ट्यावर दाब देऊन स्लाइड मागे ढकलतो. मागे जाताना स्लाइड घोडा पुन्हा चढवते. स्प्रिंगच्या जोराने ती पुढे येते, तेव्हा नॉझल मॅगझिनमधील पुढची गोळी हॉप-अप रबरात ढकलते. हे रबर गोळीला उलटी फिरकी देते, त्यामुळे गोळी अधिक लांब व सरळ जाते.

वायू आणि तापमान

टाकीत द्रव शिल्लक असेपर्यंत आतील दाब वायूच्या प्रमाणावर नव्हे, तर तापमानावर ठरतो. जपानमध्ये दीर्घकाळ वापरात असलेल्या एचएफसी-१३४ए या वायूचा निरपेक्ष दाब ० अंश सेल्सिअसला सुमारे २.९ बार, २० अंशांना ५.७ बार, तर ३५ अंशांना ८.९ बार असतो. ‘ग्रीन गॅस’ या नावाने विकला जाणारा वायू म्हणजे मुख्यतः सिलिकॉन तेल मिसळलेला प्रोपेन असून २० अंशांना त्याचा दाब सुमारे ८.४ बार भरतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब त्याच तापमानाला ५७ बारच्या आसपास असतो. त्यासाठी बनवलेल्या मॅगझिनमध्ये १२ ग्रॅमची कुपी बसवतात.

प्रत्येक गोळीमागे थोडा द्रव बाष्परूप होतो व त्यासाठी लागणारी उष्णता मॅगझिनमधून शोषली जाते. म्हणून भराभर गोळ्या झाडल्यास मॅगझिन गार पडते, दाब उतरतो आणि स्लाइड अर्ध्यावर थांबते. हा बिघाड नव्हे. काही मिनिटे थांबल्यावर किंवा मॅगझिन हातात धरून ऊब दिल्यावर पिस्तूल पूर्ववत चालते. थंडीच्या दिवसांत मात्र हीच मर्यादा ठळकपणे जाणवते.

एचएफसी-१३४ए हा प्रबळ हरितगृह वायू असून शंभर वर्षांच्या कालावधीत त्याचा तापवृद्धीवरील परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट मानला जातो. त्याला पर्याय म्हणून आलेल्या एचएफओ-१२३४झेडई वायूचा हा परिणाम अत्यल्प आहे; पण त्याचा दाबही कमी असल्याने थंडीत स्लाइड आणखी मंद चालते.

विश्वसनीयतेवर परिणाम करणारे घटक

जपानी पिस्तुलांची स्लाइड बहुधा एबीएस प्लास्टिकची असते व ती कमी दाबाच्या वायूसाठी आखलेली असते. तीत प्रोपेन वापरल्यास झटका वाढतो, पण स्लाइडच्या पुढच्या भागाला किंवा पोकळीच्या कडांना तडे जाऊ शकतात. धातूची स्लाइड अधिक टिकाऊ असली तरी जड असते. ती हलवायला अधिक दाब लागतो आणि तिचा आघात आतील भागांवर पडतो. म्हणून नुसता एक भाग बळकट करण्याने पिस्तूल विश्वसनीय होत नाही. वायू, स्लाइड व स्प्रिंग यांचा मेळ जमावा लागतो.

सामान्य बिघाड

• वायू गळणे: भरण्याची झडप, सोडण्याची झडप किंवा तळपट्टीखालचे रबर कोरडे पडते वा चिरते.
• स्लाइड पुरती मागे न जाणे: दट्ट्याची ओ-रिंग झिजणे, नॉझलला तडा जाणे किंवा मॅगझिनवरील रबरी मार्ग सैल होणे.
• गोळ्या संपल्यावर स्लाइड मागे न अडकणे: दाब कमी पडणे अथवा स्लाइडची खाच झिजणे.
• गोळी आडवीतिडवी जाणे: हॉप-अप रबर तेलकट होणे किंवा फाटणे.
• एकदा चाप ओढल्यावर अनेक गोळ्या सुटणे: घोडा अडवून धरणारा खटका झिजणे. हा बिघाड सर्वांत धोक्याचा असून तो दिसताच वापर थांबवावा लागतो.

निदान व दुरुस्ती

प्रथम दोष मॅगझिनचा की पिस्तुलाचा हे ठरवले जाते. चांगले असल्याची खात्री असलेले दुसरे मॅगझिन लावल्यावर पिस्तूल नीट चालले, तर दोष पहिल्या मॅगझिनमध्ये असतो. रात्रभर ठेवल्यावर वायू नाहीसा होत असेल तर ती गळती. विश्रांतीनंतर जोर परत येत असेल तर तो केवळ गारवा.

गळतीची जागा शोधण्यासाठी वायू भरलेले मॅगझिन पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहतात. उघडण्यापूर्वी टाकीतील सर्व वायू सोडून देणे अनिवार्य असते, कारण दाबाखालील झडप उघडताना ती उसळून इजा होऊ शकते. झडप तिच्यासाठी बनवलेल्या किल्लीने काढतात, जुनी ओ-रिंग बदलतात, नवीवर सिलिकॉन तेलाचा हलका हात फिरवतात आणि मॅगझिन पूर्ण वाळवूनच जोडतात. पेट्रोलियमयुक्त तेले व द्रावणे रबर फुगवतात, म्हणून ती टाळली जातात. तडा गेलेले नॉझल चिकटवून टिकत नाही; ते बदलावे लागते. झिजलेला खटका कानस मारून सुधारण्याऐवजी घोड्यासह नवा बसवणे सुरक्षित मानले जाते.

देखभाल व सुरक्षितता

साठवणीत मॅगझिनमध्ये थोडा वायू ठेवल्यास सील आपल्या जागी दाबून राहतात. मॅगझिन व वायूचे डबे उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नयेत. जपानी डब्यांवर ४० अंशांची मर्यादा नमूद असते. मॅगझिन विस्तवावर किंवा उकळत्या पाण्यात गरम करणे धोकादायक आहे. प्रोपेन ज्वलनशील असल्याने तो मोकळ्या हवेत, आगीपासून दूर भरतात. गोळी लहान असली तरी डोळ्याला कायमची इजा करू शकते. त्यामुळे दुरुस्तीनंतरच्या चाचणीतही संरक्षक चश्मा आवश्यक असतो. मॅगझिन काढल्यावरही नळीत एखादी गोळी शिल्लक असू शकते, म्हणून नळी तपासल्याखेरीज पिस्तूल उघडले जात नाही.