फेट्याचे पेच

"मॅडम, डुक्कर आलं!" पाइपलाइनीतून पिग, म्हणजे पाइप आतून तपासत जाणारं यंत्र, बाहेर पडला की आमची माणसं अशी वर्दी द्यायची. काळ्या चिखलानं माखलेलं ते धूड धुऊन झालं की त्याच्या पोटातल्या नोंदींच्या रेघा वाचायला मी बसायचे.

युक्ती जुनी आहे. 1868 मध्ये इंग्लंडात सॅक्स्बी यांनी तोफांच्या नळ्यांवरून होकायंत्र फिरवलं; सुई बिचकली की तिथे दोष. पिगही हेच करतो. मोठ्या चुंबकांनी पाइपची भिंत भारून टाकायची. जिथे धातू खाल्ला गेलाय तिथे चुंबकीय प्रवाह बाहेर गळतो आणि सेन्सर तो टिपतो. 1965 साली ट्युबोस्कोप कंपनीचा 'लिनालॉग' पिग अमेरिकेत पाइपात उतरला, तेव्हा त्याला घेराचा फक्त तळाकडचा पाव भाग दिसायचा.

वेल्डवरून जाताना पिग हादरतो, तो गोंगाट लगेच ओळखू येतो. मला फसवलं ते सीमलेस, म्हणजे बिनजोड पाइपनं. पडद्यावर तिरके पट्टे, फेट्याच्या पेचांसारखे, एकामागून एक. त्यातल्या एका ठळक पट्ट्यावर मी 'गंज' अशी खूण केली. खड्डा खणला, कोटिंग सोललं, अल्ट्रासोनिकनं जाडी मोजली. पाइप ठणठणीत! साहेब काही बोलले नाहीत. जेसीबीचं बिल तेवढं माझ्या टेबलावर ठेवून गेले.

ते पेच कुठून येतात? थेट कारखान्यातून. 1885 मध्ये जर्मनीतल्या मानेसमान बंधूंनी तापलेला पोलादी दांडा दोन तिरप्या रुळांमध्ये गरगरा फिरवत, मधून भोसकत बिनजोड नळी काढायची रीत शोधली. त्या फिरण्यात भिंतीची जाडी आणि धातूचा पोत मळसूत्रासारखा कमी-जास्त होतो. डोळ्यांना दिसत नाही, चुंबकाला कळतं.

उपाय आला तो भलतीकडून. 1975 मध्ये विड्रो आणि सहकाऱ्यांनी गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकण्यासाठी आईचे ठोके तिच्या छातीवरून वेगळे टिपले आणि पोटावरच्या नोंदीतून वजा केले. त्याच जातीची, स्वतःला जुळवून घेणारी गाळणी 2002 मध्ये अफजल आणि उडपा यांनी सीमलेस पाइपच्या नोंदींना लावली; उरलेली खरखर वेव्हलेट या गणिती तंत्रानं काढली. पेच लांबवर तसेच चालत राहतात, खड्डा मात्र एका जागी असतो. गाळणीला तेवढा फरक पुरतो.

पुढे ती गाळणी आमच्याकडे आली, तेव्हा मी आधी माझी जुनी नोंद तिच्यातून काढली. पेच विरले. एक बारीक ठिपका मात्र राहिला, आम्ही खणलं होतं त्याच्या पुढच्याच पाइपात. जेसीबी मागायला या खेपेला मीच साहेबांकडे गेले.