प्रिश्टिनाच्या स्टेडियममध्ये ५ हजार ड्रेस का वाळत घातले होते?

१२ जून २०१५. कोसोवोची राजधानी प्रिश्टिना. फुटबॉल स्टेडियममध्ये त्या दिवशी सामना नव्हता. मैदानभर दोऱ्या बांधून त्यांवर सुमारे ५ हजार ड्रेस आणि स्कर्ट वाळत घातले होते. युद्धातल्या लैंगिक अत्याचारांच्या पीडितांसाठीची ही कलाकृती होती. तिच्या नावाचा अर्थ 'तुझा विचार करतेय'. कलाकार होत्या कोसोवोत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये राहणाऱ्या अल्केता जाफा म्रिपा.

नेमकं काय घडलं होतं?

१९९८-९९ च्या युद्धात सर्बियन पोलीस, लष्कर आणि निमलष्करी गटांनी प्रामुख्याने अल्बेनियन महिलांवर अत्याचार केले. काही पुरुषही याला बळी पडले. पीडितांचा आकडा साधारण २० हजार सांगितला जातो, पण तो अंदाजच आहे. बदनामीच्या भीतीने बहुतेकींनी घरातही काही सांगितलं नाही.

कपडे आणि स्टेडियमच का?

घरातलं धुणं चव्हाट्यावर धुऊ नये, असं समाज सांगतो. इथे ते मुद्दाम चव्हाट्यावर वाळत घातलं गेलं. कपडे स्वच्छ होते, कारण डाग पीडितेवर नसतो. आणि स्टेडियम ही पुरुषांची मानली जाणारी जागा. ज्या विषयावर पुरुष गप्प होते, तो तिथेच मांडला गेला.

कपडे कुणी दिले?

त्यासाठी वेगवेगळ्या शहरांत फिरून कपडे गोळा करण्यात आले. अनेक पीडितांनीही आपले कपडे दिले. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष आतिफेते याह्यागा यांनी उपक्रमाला पाठबळ दिलं. त्याच वर्षी प्रिश्टिनात 'हेरोइनात' हे स्मारकही उभं राहिलं. त्यात सुमारे २० हजार पिनांमधून एका स्त्रीचा चेहरा साकारतो.

पुढे काय बदललं?

पीडितांना युद्धबळी म्हणून मान्यता देणारी कायदादुरुस्ती २०१४ मध्येच झाली होती. प्रत्यक्ष अर्ज २०१८ पासून घेतले जाऊ लागले. मान्यता मिळालेल्यांना दरमहा कमाल २३० युरो पेन्शन ठरली. त्याच वर्षी वास्फिये क्रास्निची-गुडमन यांनी चेहरा न लपवता टीव्हीवर आपली कहाणी सांगितली. कोसोवोत असं करणाऱ्या त्या पहिल्या होत्या. पुढे त्या खासदारही झाल्या.

गुन्हेगारांना शिक्षा मात्र अगदी मोजक्या खटल्यांत झाली. दोरीवरचे कपडे त्याच दिवसापुरते होते, न्यायाची वाट पाहणं अजून सुरूच आहे.